पिवळ्या दस्तीतली पाल

आषाढातला एक रविवार, सकाळची वेळ. ठिकाण – लातूर, आमचं स्वयंपाकघर. हजर – मी. माझी भाची ऋतुजा. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, कंधारहून आलेले. आणि ट्यूबलाइटच्या मागे एक पाल. आमचे हे घरातच होते, पण अंघोळीला गेले होते, म्हणून त्यांना साक्षीदार धरत नाही.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या मासिकाच्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी भाजी निवडता निवडता वाचते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात कारण लावून मोकळी होते – वारा असेल, मांजर असेल, अंगात ताप असेल. माझ्या अनुभवात ना पिंपळ आहे, ना पांढरी साडी. पण त्याला लावायला कारणही सापडत नाही...

ऋतुजा दोन वर्षं आमच्याकडे राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले. दाजींचं पक्कं होतं – तिसऱ्यांदा. रविवारी येऊन ते तिचं नाव पुन्हा क्लासला घालणार होते. ऋतुजाला मात्र शेतकी कॉलेजला जायचं होतं, किडे शिकायला. हे तिने मला सांगितलं होतं. वडिलांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि "माझं मी बोलीन, तू मधे पडू नको" अशी मला ताकीद होती.

त्याच रविवारी दुपारी मी पेस्ट कंट्रोलवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. झुरळं फार झाली होती. माझा हिशेब सरळ होता – सकाळी दाजी, दुपारी फवारणी, जेवण बाहेर. शनिवारी आम्ही दोघींनी सगळं स्वयंपाकघर उपसलं, भांडी गच्चीवर नेली. ऋतुजाचे हात हळू आणि तोंड जोरात चालू होतं.

"मावशी, पिक्चरमधी सुपरहिरो भिंतीवर चढला की आपण शिट्ट्या मारतो. घरातली पाल रोज चढती, तिला झाडू!"

"डबे पूस."

"अन् झुरळ बघ. खायला न्हाई, प्यायला न्हाई, तरी टिकून हाय. सुपरहिरोच की! फक्त पाठीवर फडकं बांधायला कुणी न्हाई बिचाऱ्याला."

"फडकं तुझ्या हातात हाय. त्यानं डबे पूस म्हणलं ना!"

रविवारी पहाटे मला स्वप्न पडलं. दाजींचं कंधारचं दुकान, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. काउंटरवर मांजराएवढी पाल दोन पायांवर उभी. गळ्याला पिवळी दस्ती – आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात – गाठ मारून पाठीवर सोडलेली, अगदी सुपरहिरोसारखी. समोर एक गिऱ्हाईक हातात कपाशीचं पान घेऊन उभं. आणि पाल त्याला शांतपणे सांगतेय, "आधी कीड कोणती ते बघा. मग औषध."

हसतच जागी झाले. चहा टाकला. ऋतुजा डोळे चोळत आली.

"मावशी, लई येडं सपान पडलं. पप्पाच्या दुकानात एक पाल..."

दस्ती, पान, ते वाक्य – सगळं तेच! तिला न सांगता मी मनात कारण लावलं – दिवसभर दोघी पाली-झुरळांचंच बोलत होतो, दोघींच्या डोक्यात तेच घोळलं. दोघींपुरतं कारण पुरलं.

तेवढ्यात दाजी आले. पहाटेच्या गाडीने निघालेले, डोळे लाल. पाट घेऊन स्वयंपाकघरातच टेकले, कारण खुर्च्याही गच्चीवर होत्या.

"सुनीता, घर लुटून नेलं का काय कुणी?"

"फवारणी हाय दाजी."

"बरं. ऋतुजा, आवर. क्लासला जाऊन नाव घालू. यंदा होतंय बघ तुझं."

ऋतुजा कपबशीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं – बोल की गं! तिने तोंड उघडलं, मिटलं. दाजींनी मोठी जांभई दिली.

"गाडीत डोळा लागला अन् काय येडं सपान पडलं! दुकानात पाल. काउंटरवर हुबी राहून गिऱ्हाइकाला शिकवून राहिली..."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "दाजी, तिच्या गळ्यात काही होतं का?"

"दस्ती. पिवळी. आता माझ्याकडं पिवळी दस्ती कुठून आली?"

"अन् म्हणली काय?" ऋतुजाने विचारलं.

"म्हणली, आधी कीड कोणती ते..."

"...बघा, मग औषध," ऋतुजाने पुरं केलं.

आणि वरून पाल चुकचुकली. खरी. ट्यूबलाइटच्या मागची.

आमच्याकडे बोलता बोलता पाल चुकचुकली की बोलल्या शब्दाला तिची साक्ष मिळाली असं धरतात. मग जमिनीवर बोट वाजवून "शिव शिव" म्हणायचं. दाजींचं बोट सवयीनेच खाली गेलं. "शिव शिव..." म्हणाले आणि बोट तिथेच ठेवून लेकीकडे बघत राहिले.

"तुला कसं ठाऊक?"

"मलाबी पडलं. मावशीलाबी पडलं असंल, तिची गाळणी बघा."

मी मान डोलावली. मग ऋतुजाच बोलली, जमिनीकडे बघत, पण स्पष्ट – "पप्पा, मला शेतकी कॉलेजात हेच शिकायचंय. कीड कोणती ते. डॉक्टर न्हाई व्हायचं मला."

"हे सांगायला पाल लागती व्हय तुला?" दाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग हळूच, "लोकं पान घिऊन येतेत. मी आपला अंदाजानं डबा काढून देतो... शिकवतेत का हे तिथं?"

क्लासला कुणी गेलं नाही. दुपारी पेस्ट कंट्रोलवाला पंप घेऊन आला, तर दाजी दारातच आडवे आले.

"कीड कोणती, बघितली का?"

"काका, सगळ्याला एकच औषध हाय."

"मग न्हाई मारायचं."

जन्मभर औषध विकणारा माणूस! पेस्ट कंट्रोलवाला बिचारा पंप घेऊन परत गेला, आणि सगळी भांडी मी न फवारलेल्या घरात परत लावली.

मी नंतर कारण शोधलं, सोडलं नाही. ऋतुजाचा फोन तेव्हा दुरुस्तीला होता. कंधारला मी कुणाशी बोलले नव्हते. आम्ही उठलो तेव्हा दाजी बसमध्ये होते आणि आल्यावर आमच्याआधी तेच बोलले. दोघींच्या स्वप्नाचं कारण मी देऊ शकते. तिसऱ्याचं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा...

ऋतुजा आता शेतकी कॉलेजात आहे. सुट्टीत दुकानात बसते, गिऱ्हाइकांची पानं भिंगाखाली धरते. आमच्याकडे आली की आधी ट्यूबलाइटकडे बघून हात करते.

माझ्या कामांच्या यादीत 'पेस्ट कंट्रोल' अजून आहे. महिना बदलला की पुढच्या पानावर उतरवते. परवा साखरेच्या डब्यात झुरळ निघालं, तेव्हा मात्र ठरवलं – बास. फोन उचलला, नंबर लावला, पलीकडून "हॅलो, कोणती कीड आहे मॅडम?" असा आवाज आला...

आणि वर पाल चुकचुकली.

"नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला. करायचा राहिलाय.