शेठचा पांढरा बॉल

कोंडाजीकाका म्हणजे माझ्या धंद्याच्या मुळावर आलेला माणूस. किहीमच्या मागे जे गोल्फचं मैदान आहे, तिथल्या दुकानात मी बॉल विकायची आणि हा दारात उभा राहून गिऱ्हाइकाला ते परत ठेवायला लावायचा. मांडव्याच्या बोटीने आलेल्या एखाद्या साहेबाने टीव्हीवरचा चॅम्पियन वापरतो तो डबा उचलला, की काका अगदी नम्रपणे म्हणायचा, "लांब किती मारता ते नका सांगू साहेब. झेंड्याजवळ गेल्यावर काय गडबड होते तेवढं सांगा." साहेब आधी भडकायचा, मग सांगत सुटायचा, आणि पाच मिनिटांत माझा महागडा डबा पुन्हा फळीवर.

तीस वर्षं त्याने मुंबईच्या एका क्लबात दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. आमची भाताची खाचरं जाऊन हे मैदान झालं तेव्हा तो गावी परतला आणि ज्या जमिनीत बापाबरोबर लावणी केली, तिथेच कॅडी म्हणून लागला. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, पण पगार मीही तिथलाच घेत होते, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

हात तसा बॉल, हे त्याचं म्हणणं. दणका मारणाऱ्याला कडक, सावकाश मारणाऱ्याला मऊ, आणि ज्याचा हात झेंड्याजवळ चालतो त्याला मऊ सालीचा, पडल्या जागी थांबणारा. एकदा ठरला की रोज तोच. वर त्याची परीक्षाही असायची. आमच्याकडे पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात. बटाटा तरंगेल इतकं मीठ घालायचं. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. तसल्याच पाण्याची बादली काकाने दुकानामागे ठेवली होती. त्यात बॉल तरंगतो आणि स्थिरावताना जड बाजू खाली घेतो. वर आलेल्या जागी पेन्सिलीने खूण करायची आणि बॉल फिरवून सोडायचा. दर वेळी तीच खूण वर आली, तर बॉल एका अंगाला जड, बाद. नव्याकोऱ्या डब्यातले बॉल तो असे बाद करायचा आणि मी आत बसून दातओठ खायची.

त्याचा सगळ्यात जास्त जीव होता दीपेशशेठवर. मुंबईत नळांचा धंदा, इथे बंगला, पुढे भलंमोठं पोट. मारण्यात दम नव्हता, पण झेंड्याजवळ शेठचा हात भाकरी थापावी तसा हलका पडायचा. काकाने ते पहिल्याच दिवशी हेरून त्याला मऊ सालीचा पांढरा बॉल ठरवून दिला. सभासदांच्या चषकात शेवटून पहिला येणारा शेठ दोन वर्षांत दुसरा आला. "पुढच्या साली चषक आपण नेऊ," असं म्हणताना तो काकाकडे बघायचा, आणि काका आभाळाकडे.

मग एका पावसाळ्यानंतर काका जो येईल त्याला पिवळा बॉल सांगायला लागला. शेठलाही. पिवळा आमच्याकडे एकाच जातीचा येई, कडक सालीचा; झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर पडला की थांबायचं नाव नाही. शेठचा बॉल घरंगळत पार पलीकडे जायचा आणि शेठ स्वतःच्या हाताला शिव्या द्यायचा. माझे धूळ खात पडलेले पिवळे डबे मात्र हातोहात गेले. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मी काकापुढे काचेवर पांढरा बॉल ठेवला. त्याचा हात बॉलच्या शेजारी वीतभर चाचपडत राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मोतीबिंदू आहे, दोन वर्षं झाली, पिकला की काढायचा. आमच्या गावात डोळ्याचं दुखणं आंब्यासारखं. पिकल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी त्याला ओढतच अलिबागच्या शिबिरात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली टिकली तर टिकली. आधी यायला हवं होतं. काकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हा कधी पिकंल?"

मला काकाचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही कसंबसं गिळलं.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "पिवळा त्यांच्यासाठी न्हाय गो, माझ्यासाठी हाय. तेवढाच दिसतो." बॉल न दिसणारा कॅडी कोण ठेवणार? पिशव्या वाहायला बॅटरीच्या गाड्या तशाही येऊन उभ्या होत्या. चषक होईपर्यंत बोलू नकोस, मग मीच सांगतो, एवढं त्याने मागितलं. मी कबूल केलं आणि पिवळे डबे विकत राहिले.

चषकाच्या दिवशी सकाळी तो आला आणि म्हणाला, "आज शेठचा बॉल दे." तुम्हाला दिसणार नाही, मी म्हटलं. "शेठला थांबलेला दिसंल ना." मी पांढरा डबा दिला. तो घेऊन काका मागे बादलीकडे गेला. दुकानात गर्दी होती. मी काही बघायला गेले नाही.

शेवटचा होल दुकानाच्या खिडकीतून दिसतो. शेठ तिथवर सगळ्यांच्या पुढे होता. त्याने मारला, आवाज छान आला, पण बॉल कुठे गेला ते उन्हात कोणालाच कळलं नाही. सगळ्यांनी काकाकडे बघितलं. काकाने क्षणभर थांबून हात डावीकडे केला. सगळे डावीकडच्या गवतात शिरले. नियमाने तीन मिनिटं शोधता येतं, तेवढ्यात बॉल सापडला नाही तर दंड. तीन मिनिटं झाली आणि शेठचा चषक गेला.

काकाने तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मला दिसला नाही, वर्षभर दिसत नाही, आणि पिवळ्याचंही खरं कारण सांगितलं. शेठने स्वतःची पिशवी उचलली आणि बॅटरीच्या गाडीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता शेठ चॅम्पियनचाच डबा घेतो आणि पुन्हा शेवटून पहिला येतो.

बॉल दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्याला उजवीकडे सापडला, बांधाच्या आड, झेंड्यापासून दहा पावलांवर. मी तो घेऊन काकाकडे गेले. अंगणात त्याची बायको रंगूकाकी बी निवडत होती, मिठाच्या पाण्याची बादली पुढ्यात. पोचट दाणे आता तीच काढते. काकाने बॉल हातात घेऊन बोटांनी चारी बाजूंनी चाचपला आणि कुठे सापडला ते विचारलं. मी सांगितलं.

"पाण्यात टाक जरा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी चारदा बघितला व्हता. खूण वर येते का सांग."

त्याची पेन्सिलीची खूण बॉलवर अजून होती. मी बॉल फिरवून सोडला. खूण वर आली. पुन्हा फिरवला, पुन्हा आली. तिसऱ्यांदाही तीच. रंगूकाकी हातातलं सूप थांबवून माझ्याकडे बघत होती. त्या सकाळी काकाची बादली माझ्या दुकानामागे दहा पावलांवर होती, आणि मी उठून बघितलं नव्हतं.

"न्हाय येत काका," मी म्हटलं.

"मंग बॉल तरी बरोबर दिला व्हता मी."

"व्हय," मी म्हटलं, आणि बॉल पाण्यातून काढून घेतला.