दाऊंच्या गढीचं मागचं दार

भिलाईच्या दक्षिणेला, जंगल सुरू होतं तिथल्या एका शेतघरात आमच्या प्लाटूनचा मुक्काम पडला. मालकांना सगळे दाऊ म्हणत. तिकडे जमीनदाराला तसंच म्हणतात. शेतघर कसलं, गढीच होती ती. पूर्वी धान्य लुटायला घोडेस्वार यायचे, म्हणून दाऊंच्या पणजोबांनी बांधलेली. खाली दगड, वर मातीची भिंत, खाटेएवढी रुंद. बाहेरच्या अंगाला एकही खिडकी नाही. फक्त बंदुकीसाठी जंग्या, म्हणजे भिंतीतली भोकं, आतून रुंद आणि बाहेरून बोटभर. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बुरूज. मोठ्या दरवाज्यातून आत शिरलं की लगेच वळण, घोडा दौडत येऊ नये म्हणून.

पुढे लुटारू संपले. दाऊंच्या वडिलांनी खळ्यावर जायला मागच्या भिंतीत साधं फळ्यांचं दार काढलं. ते बुजवायला मी विटा मागितल्या. आल्या नाहीत. मला जेवतानाही त्या दाराकडे पाठ करवत नसे.

जवान प्रशांत दुर्गच्या पद्मनाभपूरचा, रेल्वेवाल्याचा मुलगा. प्लाटूनमध्ये मराठी आम्ही दोघंच.

"हवालदारसाहेब, कावून फिरून राहिले?"

"हे दार मले बसू देत नाही."

एका दुपारी समोरच्या आंबराईतून नक्षल्यांचं फायरिंग सुरू झालं. आम्ही सगळे पुढच्या बुरुजाकडे धावलो. दाऊंच्या घरची बायकामुलं धानाच्या कोठीत. वायरलेस सेटवर कमांडर म्हणाले, "मदद निकल चुकी है. होल्ड करो." गोळ्या भिंतीत रुतत होत्या.

प्रशांत माझ्याजवळ सरकला. "साहेब, समोर नुसता आवाज करून राहिले. मागून येतीन. मी जातो."

"जा. मी आलोच."

बुरूज दुसऱ्याच्या हवाली करून मी मागे पोचलो. दार फुटलं होतं. प्रशांतनं धानाची बैलगाडी आडवी लोटून वाट अडवली होती आणि चाकाआडून फायर केलं होतं. खळ्यापर्यंत आलेले नक्षली माघारी पळत होते. त्याच्या मानेला गोळी लागली होती. मी जखम दाबून धरली. मदत आली तेव्हा तो गेला होता. कोठीतली सगळी माणसं चालत बाहेर आली.

आता मी रिटायर होऊन भिलाईतल्या रुआबांध्यात राहतो. पहिल्यांदा पद्मनाभपूरला गेलो, तेव्हा प्रशांतच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लहानपणी लय भेत होता. एकटा अंगणातही जात नव्हता. कोण होतं त्याच्यासंगं?"

"कोणी नाही, काका. एकटाच गेला."

ते आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? आपला प्रशांत एकटा गेला होता."