नानांचा हरलेला राष्ट्राध्यक्ष

मंगेशचा फोन आला तेव्हा आम्ही ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात खजूर घेत होतो. शुक्रवारची सकाळ, नमाजाआधीची गर्दी. "ताई, नाना गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसले होते, काकी कप उचलायला आल्या तेव्हा मान कलली होती... हे सगळं नंतर कळलं. खजूरवाला म्हातारा माझ्या चेहऱ्याकडे बघून वजनकाट्यावरचा हात काढून उभा राहिला. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे ते उघडे, तपकिरी डोंगर सरकत होते आणि माझ्या डोक्यात नानांचं आदल्या आठवड्यातलं वाक्य घुमत होतं, "पुढच्या खेपेला निवडणूक हरतो थंयपर्यंत गोष्ट आणूया. पोरांना सांगा, कोणी चुकवू नका."

नाना म्हणजे रघुनाथ मेस्त्री. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावचे, घरात पिढीजात सुतारकी. विशी ओलांडल्यावर मस्कतला आले ते आधी मत्रहच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये, आणि पुढे रुसैलमधल्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात. तिथेच फोरमन झाले, तिथूनच निवृत्त झाले. या सगळ्या वर्षांत बायको सुनंदाकाकी आणि मुलगा मंगेश गावी. नोकरी संपली की बॅग भरायची आणि कायमचं गावी जायचं, हे नानांचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. पण मंगेशला इथेच नोकरी लागली, सून प्रिया बँकेत, नातू वेद लहान. मग नाना गावी जाण्याऐवजी काकीच इकडे आल्या, आणि मस्कतमधल्याच अल खौदला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्यांचा संसार खऱ्या अर्थाने सुरू झाला. लग्नानंतर पस्तीसेक वर्षांनी!

आमची ओळख झाली ती वेदमुळे. शुक्रवारी सकाळी इमारतीतल्या मराठी मुलांना मी आमच्या हॉलमध्ये बसवून मराठी शिकवत असे. शिकवत असे म्हणजे काय, माझी ईशा आणि तिची मित्रमंडळी आपसात इंग्रजीत खिदळत आणि मी "बाळांनो, मराठीत बोला" म्हणत फिरत असे. एका शुक्रवारी नाना वेदला सोडायला आले. मुलांनी पुस्तकं बाजूला टाकून दंगा मांडला होता. नाना दारात चपला काढता काढताच म्हणाले, "ताई, मी एक गोष्ट सांगू? राजाची नाय हां. राजा होऊन परत शेतकरी झालेल्याची." मुलं गप्प झाली. नाना जमिनीवर मांडी घालून बसले, आणि त्या दिवसापासून आमच्या वर्गाला अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष मिळाला.

त्या राष्ट्राध्यक्षाचं नाव नाना घेतच नसत, पूर्वीच्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. "आपला शेंगदाणेवाला," म्हणायचे. पोरंही तेच म्हणू लागली. गोष्ट सुरू व्हायची ती एका खेड्यातल्या घरापासून. घरात वीज नाही, नळ नाही, बापाची भुईमुगाची शेती. पोरगा शेंगा उकडून गावात विकायला नेतो. "तुमच्या आजोळी उकडतात तशाच," नाना सांगत, "मीठ घालून." तिथली माती तांबडी आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि तेवढ्या धाग्यावर त्यांनी ते अख्खं गाव उचलून कोकणात आणून ठेवलं होतं. त्यांच्या गोष्टीत तिथे फणसही होते आणि शेताच्या बांधावर कुर्ल्याही. माझे यजमान हसून म्हणायचे, "नाना, अमेरिकेत फणस?" "नसतील तर नसतील," नाना म्हणायचे, "पोरांना गाव दिसायला हवं ना!"

मग तो पोरगा नौदलात जायचा, पाणबुडीवर काम करायचा, बाप वारल्यावर गावी परतायचा, शेंगांचा धंदा सांभाळायचा, आणि एक दिवस सगळ्या देशाला सांगायचा, मी तुमचा राष्ट्राध्यक्ष होणार. लोक विचारायचे, "कोण हा?" इथे पोरं एका सुरात ओरडायची, "कोण हा?" निवडून आल्यावर शपथ घेऊन तो बायकोचा हात धरून रस्त्याने चालत घरी गेला, हे नाना उभं राहून, चालून दाखवत. पण त्यांचा सगळ्यात आवडता प्रसंग वेगळा होता. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन देशांच्या पुढाऱ्यांना त्याने डोंगरावरच्या एका घरात बोलावून दिवसच्या दिवस बसवून ठेवलं. एक जण उठून निघायच्या बेतात होता. त्याला नातवंडांसाठी तिघांचे फोटो हवे होते. शेंगदाणेवाल्याने प्रत्येक फोटोवर प्रत्येक नातवंडाचं नाव लिहून दिलं. त्या म्हाताऱ्याने एकेक नाव मोठ्याने वाचलं, आणि त्याचे डोळे भरले... इथे नानांचा हात नकळत वेदच्या डोक्यावर जायचा.

"नाना, एवढे राष्ट्राध्यक्ष झाले. तुम्हाला हाच का सापडला? हा तर हरला," मी एकदा संध्याकाळी खाली चहाला बसले असताना विचारलं. नानांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, मस्कतला आलो ते पहिलंच वर्ष. कॅम्पात एका खोलीत आम्ही सगळे, आणि एक ट्रान्झिस्टर. रोज हिंदी बातम्या लावायच्या. समोरच्या किनाऱ्यावर, इराणात, अमेरिकेची माणसं ओलीस धरलेली. आज सुटतील, उद्या सुटतील. "आम्ही पण घरापासून तुटलेलेच, ताई. आम्हाला कोणी धरलं नव्हतं, आपल्या पायांनी आलेलो. पण ती माणसं कधी घरी जातात, ह्याची आम्हाला रोज उत्सुकता. का, ते कळायचं नाही." त्यांना सोडवायला निघालेली मोहीम वाळवंटातच फसली, काही सैनिक तिथेच जळाले. त्यातली विमानं ओमानच्याच एका बेटावरून उडाली होती, हे त्यांना मागाहून कळलं. मग तो निवडणूक हरला. तरी शेवटच्या रात्रीपर्यंत कचेरीत जागत बसला. आणि तो खुर्चीवरून उतरल्यावर थोड्याच वेळात ओलीस सुटले. "त्याच्या खटपटीने सुटले, पण त्याच्या नावावर नाही सुटले. आणि मग हा काय करतो? गावी जातो. त्याच खेड्यात, त्याच जुन्या घरात. धंदा बुडायला आलेला. सुतारकाम करायला लागतो, लोकांची घरं बांधून देतो. मी कॉटवर पडल्या पडल्या ठरवलं, रघुनाथा, आपलं काम झालं की आपण पण असंच जायचं."

गावच्या आपल्या घरासाठी नाना काय काय करत! दर सुट्टीत एखादं दार, एखादी खिडकी, देवघराची चौकट स्वतःच्या हाताने करून बसवत. इथे कारखान्याचा मालक, त्यांचा अर्बाब, कौतुकाने म्हणायचा, मेस्त्री, माझ्या बंगल्याला तुझ्या घरासारखं दार नाही. त्या दाराचा फोटो नानांच्या फोनवर होता. तो दाखवताना नाना दोन बोटांनी तो मोठा करत, इतका की शेवटी लाकडाच्या रेषाच उरत.

एके शुक्रवारी गोष्ट नौदलाच्या नोकरीपाशी आली. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते, म्हणून वर्ग खाली नानांकडेच भरला होता. काकी स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत उभ्या. नाना सांगत होते, बाप वारला तेव्हा शेंगदाणेवाल्याने परस्पर ठरवून टाकलं, नोकरी सोडायची आणि गावी जायचं. बायकोला मुळीच जायचं नव्हतं. परदेश, बंदरं, स्वतःचं बिऱ्हाड, ते सगळं सोडून पुन्हा खेड्यात, सासू आणि आई यांच्यामध्ये? ती इतकी रागावली की गावापर्यंतच्या सबंध प्रवासात नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. काही हवं असलं की मुलाला म्हणायची, तुझ्या बाबांना सांग.

पोरं हसली. तेवढ्यात दारातून काकींचा आवाज आला, "बरां केल्यान तिणां!"

नानाही हसले. "ऐकलात? आमची काकी अमेरिकेच्या बाजूने."

"मी बायलांच्या बाजून आसंय," काकी म्हणाल्या. आणि मग त्या हसल्या नाहीत. पोरं पांगल्यावर मी पेले आवरत होते, तेव्हा त्या नानांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "तुमका परत जावचां आसा. माका नाय. तुमच्या मनात तां घर म्हणजे सुट्टी. दोन म्हयन्यांसाठी इलात, मासे खाल्लात, दारां बसवलात आणि गेलात. बाकीचे म्हयने थंय कोण होतां? सासूचां आजारपण मी काढलंय. मंगेशाच्या तापात मी एकटी बसलंय. पुरे झालां माका तां एकटेपण. हय खाली उतरलंय की कोणतरी बोलता माझ्याशी."

मी पेले तसेच ठेवून वर निघून आले. इतकी वर्षं दोघांच्या वतीने एकट्यानेच पाहिलेलं स्वप्न असं समोर येऊन उभं राहिलं की माणूस काय करतो? मला वाटलं, नाना रागावतील, किंवा काकींची समजूत काढत बसतील. आठवडाभराने जिन्यात भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "ती म्हणते तेच खरं, ताई. मला घरी जायचं होतं. पण मी ज्याला घर म्हणत होतो, ते तिलाही घर वाटतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं." मग म्हणाले, "आता खलास. इथेच राहू."

आणि ते राहिले. कुढत नाही राहिले. दर गुरुवारी संध्याकाळी मंगेशच्या गाडीतून काकींना मत्रहच्या समुद्रावर घेऊन जात. आपण पहिल्यांदा आलो तेव्हा वर्कशॉप कुठे होतं, कॅम्प कुठे होता, ते दाखवत. लग्नाच्या नवऱ्याची तरुणपणची वर्षं काकींना अशी म्हातारपणी, कठड्याला टेकून बघायला मिळाली. फोनवरचा तो दाराचा फोटो मात्र नाना मला पुन्हा दाखवत नसत. एकदा मीच विचारलं, तर "असेल कुठेतरी" म्हणाले. पण गोष्टीत शेंगदाणेवाला हरून गावी पोचला की त्यांचा आवाज खाली यायचा. तांबड्या मातीचा रस्ता यायचा, घर यायचं, घरामागचं तळं यायचं... आणि गोष्ट तिथे बराच वेळ रेंगाळायची. पोरांना कळायचं नाही. मला कळायचं.

राष्ट्राध्यक्षाची बायको त्याच्या आधी गेली. तिच्या निरोपाला त्याला चाकाच्या खुर्चीत आडवं टेकवून आणलं होतं, पांघरुणात गुंडाळून. नाना टीव्हीसमोर उभे राहून बघत होते. "बसा तरी," काकी म्हणाल्या. बसले नाहीत. पुढे तो स्वतः गेला, शंभरी गाठून. त्याच गावात, त्याच घराजवळ, बायकोशेजारी त्याला ठेवलं. त्या शुक्रवारी नानांनी पोरांना ते सांगितलं. मग वेदने विचारलं, "आजोबा, सो... गोष्ट फिनिश?"

"फिनिश कशी? आता नवीन पोरं आली ना वर्गात," नाना म्हणाले. आणि तिथल्या तिथे पुन्हा उकडलेल्या शेंगांपासून सुरुवात केली.

अंत्यविधी इथेच झाला. कारखान्यातली जुनी माणसं बसने आली होती. म्हातारा अर्बाबही काठी टेकत आला आणि मंगेशचा हात बराच वेळ हातात धरून उभा राहिला. ईशा आता कॉलेजात आहे, पुण्याला. तिने फोनवर तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "मम्मी, नानांना... त्यांच्या घरी नेणार ना?" मी तो प्रश्न काकींना सांगितलाच नाही. पण तिसऱ्या दिवशी काकी आपण होऊन मंगेशला म्हणाल्या, "अस्थी मी घेऊन जातंय. गावच्या खाडीत सोडतंय आणि पंधरा दिवसांनी येतंय."

त्या गोष्टीला आता दीड महिना होत आला. मंगेशने त्यांचं परतीचं तिकीट दोनदा बदललं. बरोबर गेलेली प्रिया केव्हाच परत आली. काकी तिथेच आहेत. परवा दिवेलागणीच्या सुमाराला मी फोन केला. काय विचारायचं ते ठरवलं होतं, पण विचारलं भलतंच, "काकी, घरात एकट्या आहात. रात्री दार नीट लावून घेता ना?"

"लावतंय गो," त्या म्हणाल्या. "खालची कडी लावतंय. वरची मी लावणंय नाय. कधीच नाय लावलंय." मग आपणच सांगू लागल्या. "तेवा हे येतले कधी, ह्येचो पत्तो नसायचो. अर्बाब सुट्टी देयसर ह्यांका तरी खंय ठावक? मुंबयसून गाडी पकडीत आणि उजाडता उजाडता दारात उभे. मी न्हाणीघरात आसलंय तर? म्हणान खालच्या कडीक दोरी बांधलली, ती फटीतसून भायर सोडलली. हेनी भायरसून ओढली की दार उघडा."

पलीकडून कुणाच्या तरी अंगणातला कुत्रा भुंकत होता, लांबवर एस.टी.चा हॉर्न वाजला.

"आणि आता, काकी?"

"आता काय..." त्या म्हणाल्या. "जुनी दोरी कुसान गेलली. काल नवी बांधलंय."