समोरच्या बाजूची कडवी

मिद्यात शहराजवळच्या त्या ख्रिस्ती गावात देवळाला पोथी एकच होती, प्राचीन धर्मपित्यांच्या पद्यप्रवचनांची. ती उंच चौरंगावर ठेवायची आणि गवरिये व देन्हो या दोघा गायकांनी दोन बाजूंना उभं राहून म्हणायची. गवरियेसमोर अक्षरं सुलट येत, देन्होसमोर उलटी. देन्हो वाचायला शिकला तोच उलटं.

मोठ्या उपवासात एक कडवं या बाजूचं, पुढचं त्या बाजूचं. समोरच्याचं कडवं आपण म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. मग अंगणात बसून दोघं अर्थावरून भांडत. कडवं रचणाऱ्या साधुपुरुषाला अमुक म्हणायचं होतं की तमुक, यावर त्यांचे केस पिकले.

हळूहळू गाव परदेशी गेलं. काचबिंदूनं गवरियेचे डोळे नेले. आपली कडवी त्याला पाठ होती. उरलेली म्हणायला देन्हो होता. मग देन्होच्या मुलानं त्यालाही स्वीडनला बोलावलं.

निघण्याआधी देन्हो येऊन बसला. "माझी कडवी शिकून घे. तुझ्यासारख्या मठ्ठालाही एक हिवाळा पुरेल."

"तुझी तूच म्हण," गवरिये म्हणाला. "नाहीतर जाऊ नकोस."

देन्हो गेला.

पुढच्या उपवासात मुख्तारच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, घरी देन्होचा फोन आला. गवरियेची बायको सैदे त्याला हाताला धरून घेऊन गेली. तिकडे छापील पुस्तक उलटं धरून वाचतो म्हणून सून हसते, असं देन्होनं सांगितलं. गवरियेही पोटभर हसला. हसू ओसरल्यावर त्यानं फोनवरच आपलं कडवं म्हटलं आणि थांबला. देन्होनं पुढचं उचललं, दोन ओळी म्हटल्या आणि अडला. तो कायम पोथीत पाहूनच म्हणायचा, आणि ही पोथी तिकडे नव्हती.

"पुढचा शब्द सांग."

"तुझं कडवं मी कधी म्हटलंय?"

"अरे, पोथी आहे ना तिथं?"

"पोथी आहे रे."

मग फोन कटला.

पाद्री मिद्यातहून सणापुरते येत. सैदेला अक्षरओळख नव्हती. देवळात गवरिये आजही पोथी उघडतो, बोटांनी पानाची कड चाचपतो. आपलं कडवं म्हणतो. समोरचं कडवं जितका वेळ चाललं असतं तितका वेळ मान खाली घालून थांबतो. मग आपलं पुढचं.

"अहो, मसूर निवतोय," सैदे दारातून म्हणते.

"थांब," तो म्हणतो. "त्याचं चाललंय."