दाढेच्या तारेला अडीच पीळ

आमच्या इंदापूरच्या शाळेत वर्षातून एकदा सरकारी डॉक्टर मुलं तपासायला यायचे. डोळे, कान, खरूज आणि सगळ्यात शेवटी तोंड. मुलांना रांगेत उभं करणं आणि "आ कर" म्हणून ओरडणं हे काम माझ्याकडं असायचं, कारण आरोग्याचा तास मीच घ्यायचो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. माझी थोरली मुलगी तेव्हा पहिलीत होती, सहा संपून सातवं लागलेलं. डॉक्टरांनी एकेका पोराच्या तोंडात चमचा घालून झटपट बाहेर काढला. तिच्या तोंडात मात्र तो बराच वेळ राहिला.

"मास्तर, ही तुमचीच ना? वरची डावी दाढ अडकलीय हिची."

मी म्हणालो, "दुधाची असेल. पडेल की."

"दुधाची नव्हे. ही सहाव्या वर्षी येते. दुधाच्या दातांच्या मागून, एकही दात न पडता येते, म्हणून घरोघर लोक तिला दुधाचीच समजतात. ही जन्मभराची दाढ आहे." एवढं बोलून त्यांनी बारामतीच्या दातांच्या डॉक्टरांचा पत्ता कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला आणि पुढच्या पोराला हाक मारली.

मला राग आला. सगळ्या शाळेसमोर आरोग्याच्या मास्तरला दाताची माहिती नसल्याचं उघड झालं होतं. मी तसा नाकावर राग असलेला माणूस, आणि तो राग बहुतेक वेळा लाजेतून यायचा हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

घरी बायकोला सांगितलं तर हिला पटेना. "पोरीला दुकत न्हाय, खुपत न्हाय. आन् तुमी तिला बारामतीला घिऊन निगालाय. लोकं दात दुकला तर बाजारातल्या वैदूकडं जात्यात."

"लोकं अडाणी आहेत," मी म्हणालो. ही चुलीकडं वळली. धाकटा पाळण्यात होता, त्यामुळं बारामतीला पोरीबरोबर जाणारा मी एकटाच होतो, हे ठरूनच गेलं.

ते डॉक्टर पुण्याहून दर गुरुवारी बारामतीला यायचे आणि कापडाच्या दुकानावर भाड्यानं घेतलेल्या खोलीत बसायचे. तरुण होते, आवाज हळू. त्यांनी पोरीला लाकडी खुर्चीत बसवलं, आरसा दाखवला, तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या आणि मग मला समजावून सांगितलं. नवी दाढ सरळ खाली यायच्या ऐवजी पुढं कलली होती आणि पुढच्या दुधाच्या दाढेच्या पाठीत तिचं डोकं रुतलं होतं. तशीच राहिली तर ती दुधाच्या दाढेची मुळं खाऊन टाकणार. दुधाची वेळेआधी पडली की नवी दाढ पुढं सरकून तिची जागा बळकावणार. आणि अकराव्या वर्षी त्या जागी जो दात यायचा, त्याला दारच उरणार नाही.

"म्हणजे जपायची ती दुधाची दाढ," ते म्हणाले. "अजून चार-पाच वर्षं ती तिथं उभी राहिली पाहिजे. नवीला आपण थोडं मागं ढकलू."

ढकलायला त्यांच्याकडं काय होतं, तर पितळेची तार. केसाहून जाड, सुतळीहून बारीक. दोन्ही दाढांच्या मधून त्यांनी ती ओवली, टोकं गालाच्या बाजूला आणून छोट्या पकडीनं पिळली, उरलेली कापली आणि टोक आत मुडपलं. पोरगी खुर्चीचे हात धरून बसली होती. डोळ्यांत पाणी आलं तसा मी म्हणालो, "मास्तरची लेक रडत नसते." तिनं ते पाणी गिळून टाकावं तसं आवरलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. दर गुरुवारी या, म्हणाले, तार थोडी थोडी आवळू.

चार गुरुवार आम्ही गेलो. ते चार दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोजायला हवेत, आणि मला ते मोजवत नाहीत. सकाळच्या एस.टी.नं निघायचं. पोरीला खिडकी लागायची. निमगावपर्यंत ती गप्प बसायची, पुढं उसाच्या गाड्या दिसायला लागल्या की तोंड सुटायचं. बैलं किती, गाडीवाला झोपलाय का, वालचंदनगरच्या धुराड्यातनं आज धूर काळा की पांढरा. येताना मी तिला पेरू घेऊन द्यायचो आणि ती तो उजव्या बाजूनं चावायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. खुर्चीत बसली की डॉक्टर तारेला अर्धा पीळ द्यायचे, एवढंच. मी मास्तर, मोजायची सवय. दर वेळी अर्धाच. चौथ्या गुरुवारी त्यांनी मला जवळ बोलावून आरसा धरला. दोन दाढांच्या मध्ये बारीक फट दिसत होती. नवीचं डोकं थोडं मोकळं झालं होतं. "अजून पाच-सहा वेळा आलात की सुटेल," ते म्हणाले. मी परतताना गाडीत ओळखीच्या दोघांना पोरीचं तोंड उघडायला लावून ती फट दाखवली.

पाचव्या गुरुवारी शाळेची तपासणी निघाली. डिपोटी साहेब येणार म्हणजे काय, हे त्या काळात मास्तरकी केलेल्यालाच कळेल. भिंती सारवल्या, तक्ते रंगवले, आणि रजेचं नाव काढायची सोय नव्हती. सहाव्या गुरुवारी आम्ही स्टँडवर उभे होतो, तेवढ्यात बारामतीहून आलेल्या कंडक्टरनं निरोप दिला की डॉक्टरांच्या घरी लग्न आहे, ते यायचे नाहीत. आम्ही घरी परतलो. त्याच दुपारी पोरगी म्हणाली, "तात्या, तार हालती." मी बोट घालून पाहिलं. तार खरंच सैल झाली होती. ती जिभेनं हलवत बसायची.

माझा जीव टांगणीला लागला. तार सैल म्हणजे दाढ परत पुढं येणार, चार आठवड्यांची मेहनत पाण्यात जाणार, असा मी विचार केला. एक आठवडा थांबलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. हे मला पुढच्याच भेटीत डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं. पण थांबणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी पोरीला घेऊन सोनाराकडं गेलो.

आज हे वाचून कुणी हसेल. पण आमच्या गावात त्या वेळी बारीक तार आणि लेकराचं अंग या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असायच्या. सगळ्या पोरांचे कान त्यानंच टोचलेले. बाराव्या दिवशीचं लेकरू मांडीवर घेऊन, सोन्याची तार कानातून ओवून, टोकांना पीळ देऊन बसवायची, आणि लेकराला कळायच्या आत मोकळं करायचं. माझ्या पोरीचे कानही त्यानंच टोचले होते. म्हातारा होता, पण हात स्थिर. घरून निघताना ही दारात आडवी आली होती. "कान येगळा, दाढ येगळी," ती म्हणाली. मी तिला ढकललं नाही, पण बाजूला सरायला लावलं.

सोनारानं चिमटा शेगडीवर धरला, पाण्यात बुडवला, आणि पोरीला उन्हाकडं तोंड करून बसवलं. तार बघून त्याला कौतुक वाटलं. "झ्याक काम हाय गुर्जी. कितीक पीळ द्याचा?"

"डॉक्टर दर आठवड्याला अर्धा देतात," मी म्हणालो.

"अर्ध्यानं काय हुतंय? दोन आठवडं वाया गेल्यात न्हवं? त्ये भरून काडाय नगं?"

हे मला एकदम पटलं. पोरांचा बुडालेला अभ्यास मी असाच भरून काढायचो, एका बैठकीत चार धडे. मी म्हणालो, "द्या, तुमच्या अंदाजानं." त्यानं पीळ दिला. मी मोजत होतो. एक. दोन. आणि वर अर्धा. पोरीचं कपाळ पांढरं पडलं, तिची बोटं माझ्या धोतरात रुतली, पण तोंडातून ब्र निघाला नाही. "आता हालायची न्हाय," सोनार म्हणाला. मी पोरीची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी चौथीच्या मुलांना तिचं उदाहरणसुद्धा दिलं, की धीर कसा असावा.

त्यानंतर ती सावकाश जेवायला लागली. मग भाकरी दुधात कुस्करून घ्यायला लागली. मग नुसतं दूध. ही दोनदा म्हणाली, "पोरीला बगा वो." मी म्हणालो, तार आवळली की दुखतंच, डॉक्टरांनी सांगितलंय. पोरीला विचारलं, "दुखतंय का?" तिनं मान हलवली, नाही म्हणून. मला जे उत्तर हवं होतं तेच तिनं दिलं. पाचव्या दिवशी सकाळी उठली तेव्हा डावा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. पुढचा गुरुवार दोन दिवसांवर होता, आणि ते दोन दिवस हळदीच्या लेपावर काढले. ते कसे काढले, हे मी सांगत बसणार नाही.

बारामतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली होती. तिनं बाहेर पाहिलं नाही.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. तार हिरडीच्या आत शिरून मुळाकडं सरकली होती. दुधाची दाढ, जी चार-पाच वर्षं उभी राहायला हवी होती, ती बोटानं हलत होती आणि तिच्या कडेनं पू येत होता. तिला काढण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी चिमट्यानं तारेचं टोक उचलून उजेडात पाहिलं.

"हे मी दिलेले पीळ नाहीत. कुणी आवळली ही?"

प्रश्न मला होता. उत्तर सोपं होतं. डॉक्टर काही मला फटके मारणार नव्हते. पण त्या स्वच्छ खोलीत, त्या शिकलेल्या माणसासमोर, 'सोनाराकडं नेलं होतं' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. त्यांच्या डोळ्यांत मी अडाणी ठरलो असतो. मी म्हणालो, "हिनंच खेळता खेळता पिळली असेल. सारखा हात तोंडात."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत न शिकवलेला प्रश्न आला की मुलं जशी मास्तरांकडं बघतात, तसं. डॉक्टर तिच्याकडं वाकून मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, असा हात लावायचा नसतो. बघ, आता दाढ काढावी लागणार. पुन्हा लावशील?"

ती म्हणाली, "न्हाय."

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. अजून बोलायला वेळ होता. इंजेक्शन भरेपर्यंत वेळ होता, त्यानंतर गाल बधिर होईपर्यंतही होता. मी तिचं डोकं धरून उभा राहिलो, कारण डॉक्टरांनी धरायला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं पुढं तसंच झालं. सहा महिन्यांत नवी दाढ पुढं सरकून मोकळ्या जागेत येऊन बसली. जागा राखायला काहीतरी बसवू, असं ते म्हणाले होते, पण त्या खोलीचा जिना पुन्हा चढायचं मला धाडस झालं नाही. घरी मी कामाचं निमित्त सांगितलं. अकराव्या वर्षीचा तो दात टाळूच्या बाजूनं वाकडा आला, आणि पोरगी हसताना तोंडावर हात धरायला शिकली. पण मला खुपतं ते वेगळंच.

दाढ काढल्यानंतर तीन-चार महिन्यांनी, एका रविवारी आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. ही चुलीशी, पोरगी माझ्या समोर. घास घ्यायला तिनं तोंड उघडलं आणि मला दिसलं की वरचा पुढचा एक दात नाही. तो दुधाचाच होता, पडायच्याच वयाचा. शेजारपाजारची पोरं दात पडला की गल्लीभर दाखवत फिरायची, आणि मग तो कौलांवर फेकायची. आमच्या पोरीनं कधी फेकला कुणास ठाऊक. मी सहज, अगदी कौतुकानंच विचारलं, "अगं, दात कधी पडला?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. दोन्ही हात मांडीखाली सारले.

"म्या हात न्हाय लावला," ती म्हणाली. "आपोआप पडला."

हिला हसू आलं. "अगं, तुला कोन काय म्हनलंय? दात आपोआपच पडतो." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, मीही हसेन म्हणून. बारामतीला काय झालं ते हिला ठाऊक नव्हतं. पोरीनं सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. पोरगी मान खाली घालून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी हिला आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.