शनिवारी आजारी पडणारी गाडी

आमची गाडी फक्त शनिवारीच आजारी पडायची. आठवडाभर सोनपेठला ती ठणठणीत असे. मी तिथे दवाखाना चालवायचे. जवळच्या एखाद्या वाडीवरून बाळंतिणीचा निरोप आला तर गाडी निमूट जायची आणि निमूट परत यायची. शनिवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून मी परभणीला निघाले, की मात्र हिची थेरं सुरू.

परभणीला माझा मुलगा होता. नवरा गेला तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. मी कधीही उठून रोग्याकडे जाणार, पोराकडे बघणार कोण, म्हणून सासऱ्यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या. घरात म्हातारा, नातू आणि स्वयंपाकाला येणारी एक बाई. माझ्या वाट्याला शनिवारची संध्याकाळ आणि रविवार. सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचं.

गाडी नवऱ्याची होती. जुनीच घेतलेली, काळी, गोल पाठीची. पैसे सासऱ्यांनी घातले होते म्हणून कागदही त्यांच्याच नावावर. मला ती नवऱ्यानेच शिकवली, गावाबाहेरच्या माळावर, आणि शिकवताना इतका ओरडला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

दुखणं दर शनिवारी एकाच जातीचं. गंगाखेडपर्यंत सगळं ठीक. तिथे पंपावर टाकी भरायची, गोदावरी ओलांडायची, आणि थोडं पुढे गेलं की गाडीचा दम जायचा. पेडल दाबावं तर पळायच्या ऐवजी दचके द्यायची, जरासा चढ आला की मान टाकायची. मग बॉनेट उघडून मी रस्त्याच्या कडेला उभी. दोन्ही बाजूंना काळं रान आणि लांबवर एखादी बैलगाडी. अर्ध्या-पाऊण तासाने स्टार्टर मारला की चालू, जसं काही झालंच नव्हतं. पुढे जाऊन पुन्हा तेच.

बाईने गाडी चालवणं हाच तेव्हा आमच्याकडे तमाशा होता, त्यात बंद पडलेली गाडी आणि शेजारी उभी असलेली बाई. एसटी जवळून गेली की सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. कुणी थांबलं नाही तर वाईट वाटायचं आणि कुणी थांबलं तर भीती वाटायची. मी गाडीशी मोठ्याने भांडायचे. तिच्याशी भांडून झालं की नवऱ्याशी. जायचंच होतं तर गाडी तरी नीट करून जायचं होतंस, असं मी त्याला त्या रानात कितीदा सुनावलं असेल. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून कधी कधी रडूनही घ्यायचे.

परभणीला पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि मुलगा जेवून झोपलेला. सासरे ओट्यावर बसलेले. "आलात?" एवढंच विचारायचे आणि उठून आत जायचे. निजामाच्या अमलापासून कोर्टात पेशकारी केलेला माणूस. फायली पुढे सरकवण्यात जन्म गेला, बोलायची सवयच राहिली नव्हती. मला ते डॉक्टरीणबाई म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला कधी कळलं नाही. त्या पावसाळ्यात मात्र ते एकदा स्पष्ट बोलले.

"दिवाळी झाली की गाडी विकून टाकू. तुमी येष्टीनं येत जावा. महिन्याला येकदा आलात तरी चालतंय."

महिन्याला एकदा! दवाखाना मिटून गंगाखेडची बस धरली तरी तिथून पुढची सुटलेली असायची, म्हणून ते तसं म्हणाले हे मला समजत होतं. पण मुलगा आताच मला 'तुमी' म्हणायला लागला होता. आईला कुणी 'तुमी' म्हणतं का? पाहुण्याला म्हणतात. महिन्यातून एकदा आले असते तर त्याने मला नमस्कार करून पाणी आणून दिलं असतं. गाडी दिवाळीच्या आत दुरुस्त झाली नाही तर माझा मुलगा मला परका होणार, एवढं सरळ होतं ते.

गंगाखेडचा मिस्त्री म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. त्याने कार्बोरेटर धुतला, फुंकर मारून मारून गाल दुखवून घेतले. परभणीच्या मिस्त्रीने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, बदलता येईल ते सगळं बदललं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. काम झालं की तो आधी टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचा आणि मग स्टेशनपर्यंत चक्कर मारून यायचा.

"घोड्यावानी पळायलीय की बाई! तुमालाच चालवता येईना गेली असंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी तळमळणारा रोगी डॉक्टरसमोर आला की हसत बसतो, हे मी रोज बघत होते. दुखणं रस्त्यावर होतं आणि तपासणी गॅरेजात चालली होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. गंगाखेड सोडून दैठणा गावाच्या अलीकडे गाडीने मान टाकली. पेट्रोलचा काटा कधीच मेलेला होता, आणि मला एकाएकी शंका आली की पंपावरच्याने पेट्रोल कमी घातलं असेल. बाभळीची एक काडी मोडून घेतली आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सुटलं, आणि टाकीने सूं करून भलामोठा श्वास आत ओढला. मी घाबरून मागे सरले. काडी बुडवून पाहिली तर पेट्रोल भरपूर. झाकण लावून आत बसले, स्टार्टर मारला, आणि गाडी तत्काळ सुरू झाली. अर्धा तास थांबावं लागलं नाही. पुढे जाऊन पुन्हा दम गेला, पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा तोच सुस्कारा, पुन्हा गाडी सुरू.

तेव्हा मला सलाईनची बाटली आठवली. काचेची बाटली उलटी टांगली की तिला एक सुई नळीसाठी लागते आणि दुसरी हवा आत जायला. हवेची सुई बुजली की थेंब आधी मंदावतात, मग थांबतात. बाटली भरलेली असते आणि रोग्याच्या अंगात काही जात नाही. नवी नर्स हवेची सुई घालायला विसरली की मी तिच्यावर केवढी ओरडायचे. टाकीचं तेच झालं होतं. काठोकाठ भरली की आत हवेला जागा उरत नव्हती, म्हणून ती लवकर गुदमरायची; सोमवारी परतताना थोडी रिकामी असायची, म्हणून निभायचं. मिस्त्री काडी घालायला झाकण उघडायचा आणि नकळत तिला श्वास द्यायचा.

झाकण उलटंपालटं करून पाहिलं. मधोमध सुईएवढं भोक असतं, त्यावर लाल लाखेचा थेंब होता. चांगला अंगठ्याने दाबून बसवलेला.

ती लाख मी ओळखत होते. पाकिटांवर आणि पुडक्यांवर लाखेची मोहर लावण्यात सासऱ्यांची सगळी नोकरी सरली होती, आणि नोकरी सुटली तरी लाख सुटली नव्हती. घरात तुपाची बरणी लाखेने बंद, मधाची बाटली लाखेने बंद, हिंगाची डबीसुद्धा. माझी गाडी दर रविवारी त्यांच्या अंगणात उभी असायची.

मला वाटलं, यांना मी यायलाच नको आहे. परभणीला पोचले तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते, तिथेच त्यांच्यासमोर झाकण धरलं.

"मामा, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेऊन चाचपलं. "तेल उडून जायलं होतं. म्हनून बंद केलं."

"गाडीला हवा लागते. याच्यामुळे ती बंद पडत होती, इतके महिने! मी इथे यायला नको असेल तर तसं तोंडाने सांगा."

त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं आणि आत गेले. रविवारी इंजेक्शनच्या सुईने लाख कोरताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी गाडी एकदाही अडली नाही. ऊन असतानाच मी परभणीत शिरले. नाक्यावर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची गर्दी होती, ती चुकवत, मनात खूष होत, घरी पोचले. मुलगा अंगणात गोट्या खेळत होता. मला बघून तो नुसता उभाच राहिला. ओटा रिकामा होता.

"आजोबा कुठं रे?"

"नाक्यावर. दर शनिवारी जातात की. तुमची गाडी यायलीय का बघतात. अंधार पडला की मला जेवू घालायला परत येतात." मग जरा थांबून म्हणाला, "ते म्हणतात, तेल उडून जातंय, रस्त्यात संपलं तर तुझी आई रानात येकटी पडंल. येष्टीत निदान मानसं असतात."

मी त्याला शेजारी बसवलं आणि गाडी वळवली.

ते नाक्यावरच होते. गावाकडे पाठ करून, मिटलेली छत्री हातात धरून, रस्त्याच्या अगदी कडेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लांबून धूळ उडाली की ते कपाळावर हात धरून वाकायचे, ट्रक निघाला की सरळ व्हायचे. मी त्यांच्याजवळूनच गेले होते आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या मागे गाडी थांबवली. तिथूनच मी हॉर्न वाजवला.

त्यांनी वळून बघितलं नाही. कुणाला तरी वाट हवी आहे असं समजून ते दोन पावलं बाजूला सरले, हातानेच 'जावा, जावा' केलं आणि गंगाखेडच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.