पाठ झालेला कागद

आमच्या दातांच्या डॉक्टरांना छोटं विमान उडवायचा नाद आहे. मे महिन्यातल्या एका रविवारी ते मलाही घेऊन गेले. निघण्यापूर्वी ते विमानाभोवती फिरले, चाकं पाहिली, पंख्यावरून हात फिरवला. मग आत बसून मांडीवर एक मळकट कागद घेतला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत त्या त्या बटणाला बोट लावत गेले. मी जरा धास्तावलो.

"इतक्या वर्षांत हे पाठ नाही झालं?"

"झालंय ना. म्हणून तर वाचतो," ते म्हणाले. "पाठ झालं की माणूस बघायचं सोडतो."

वरून धरण दिसलं, उसाची शेतं दिसली, आमचं गाव काडेपेटीएवढं दिसलं. माझ्या डोक्यात मात्र तो कागदच होता. रोजचा जिना, रोजचा रस्ता, रोजची माणसं. ती इतकी पाठ झालीत की मी शेवटचं कधी पाहिलं त्यांच्याकडे, आठवेना.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. मी समोर बसून तिच्याकडे नीट पाहिलं.

"चष्मा नवीन केलास?"

"दिवाळीत," ती म्हणाली, वर न बघता.